आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांचे टिपण

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा हा विस्तीर्ण भाग आहे. व्हाइटफील्ड याच भागात मोडते. दोन पिढ्यांपूर्वी येथे शेते, तळी आणि लहान लहान गावे होती. आज तेथे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इमारती एकीला लागून एक उभ्या आहेत. या इमारतींत चालणारे काम स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. काही माणसे नवे सॉफ्टवेअर तयार करतात. इतर अनेक जण बँका, विमान कंपन्या, रुग्णालये आणि दुकाने यांच्या संगणकांवर बसविलेले सॉफ्टवेअर विनाखंड चालू राहावे यासाठी झटतात. पहिल्या कामाची कीर्ती सर्वदूर झाली आहे. दुसऱ्या कामाकडे मात्र काही बिघडल्यावाचून कोणाचे लक्ष जात नाही.

ते लक्ष जाण्याचा एक प्रसंग शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी आला. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरसाठी एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठविली. भारतात कचेऱ्या उघडण्याची ही वेळ. ती फाइल ज्या ज्या विंडोज संगणकाने घेतली, तो तो बंद पडून निळा पडदा दाखवू लागला. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने फाइल मागे घेतली. परंतु मधल्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निकामी झाले होते. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्रक देण्याची पाळी आली. आपल्या देखरेखीखालील दहा बँका व वित्तसंस्थांना या घटनेची किरकोळ झळ लागल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी जाहीर केले. बंद पडलेली असंख्य यंत्रे दुरून दुरुस्त होण्यासारखी नव्हती. प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत चालू करून, ती एक फाइल पुसून टाकावी लागली. हे काम कोणी केले? ज्यांना कचेऱ्यांत 'सिस्टिम ॲडमिन' म्हणतात, त्या संगणक-व्यवस्थापकांनी.

या घटनेत एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. यांतील पुष्कळ व्यवस्थापक मुळीच बेसावध नव्हते. सुरक्षा-सॉफ्टवेअरची अगदी नवी आवृत्ती घ्यावी, की तिच्या मागची, की तिच्याही मागची, हे ठरविण्याची मुभा कंपनीने त्यांना दिली होती. नवी आवृत्ती इतरत्र काही दिवस चालून तिचे गुणदोष उघड होईपर्यंत थांबावे, या हिशेबाने अनेकांनी मागची आवृत्ती निवडली होती. तरीही त्यांचे संगणक बंद पडले. कारण ती मुभा मुख्य प्रोग्रामपुरती होती. रोज येणाऱ्या माहिती-फाइलींना ती लागू नव्हती. या फाइली व्यवस्थापकाला न विचारता येत आणि त्यांत काय बदलले हे सांगणारे टिपणही त्यांच्यासोबत नसे. प्रोग्रामचा क्रमांक आदल्या दिवशी होता तोच राहिला, पण यंत्राचे वर्तन बदलले. व्यवस्थापकाने ज्या आकड्यावर विश्वास ठेवला होता तो आकडा खोटा नव्हता, पण अपुरा होता.

सॉफ्टवेअरला आवृत्ती-क्रमांक कशासाठी असतो, याचे उत्तर या प्रसंगात सापडते. क्रमांक ही शोभेची वस्तू नव्हे आणि विक्रीची जाहिरातही नव्हे. तयार करणाराने सांभाळणाराला दिलेला तो शब्द आहे. 'हा आकडा बदलला नाही, तर यंत्र काल वागले तसेच आज वागेल. बदलला, तर किती बदल अपेक्षावा ते आकड्यावरून कळेल,' असा त्या शब्दाचा अर्थ. बदलांचे टिपण, ज्याला या व्यवसायात 'रिलीज नोट्स' म्हणतात, हा त्याच शब्दाचा तपशील होय.

ग्रंथालयात वावरणाऱ्या वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. पुस्तकाच्या आरंभी 'दुसरी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असे दोन निरनिराळे उल्लेख असतात. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो. आवृत्ती बदलली की मजकुरात फरक पडला असे समजावे. चांगला लेखक 'दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने' असे चार शब्द लिहून काय घातले, काय गाळले आणि कोणती चूक सुधारली, ते सांगतो. अभियांत्रिकीतही हीच रीत आहे. सिमेंट काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक 'आयएस ४५६' हे १९५३ साली प्रथम प्रसिद्ध झाले. पुढे १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीच्या क्रमांकापुढे वर्ष जोडलेले असते, आणि २००० सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मागील आवृत्तीहून काय निराळे आहे त्याची यादी दिली आहे. इमारतीच्या नकाशावर 'आयएस ४५६ : १९७८' असे लिहिलेले असेल, तर ती कोणत्या नियमांनी बांधली हे पन्नास वर्षांनीही कळते. नियम बदलूनही क्रमांक तोच ठेवला असता, तर कोणती इमारत कोणत्या हिशेबाने उभी आहे हे सांगता आले नसते.

सॉफ्टवेअरच्या क्रमांकांच्या आज दोन मुख्य पद्धती रूढ आहेत. पहिलीत तीन आकडे टिंबांनी जोडलेले असतात, उदाहरणार्थ, ४.७.२. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या पद्धतीचे नियम लिहून काढले आणि त्या नियमांचीच २.०.० ही आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शेवटचा आकडा वाढला तर केवळ दोष-दुरुस्ती झाली असे समजावे. मधला वाढला तर नवी सोय आली, पण जुने काही मोडले नाही. पहिला वाढला तर सावध व्हावे, कारण पूर्वी चालत होते त्यांतील काही आता चालणार नाही. एवढ्यावरून व्यवस्थापकाला आपल्या कामाचा अंदाज येतो. पहिल्या प्रकारचा बदल तो त्याच संध्याकाळी करील. तिसऱ्यासाठी सुट्टीचा दिवस राखून ठेवील आणि आधी एका निरुपयोगी यंत्रावर प्रयोग करून पाहील.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे आकडे दशांश अपूर्णांक नव्हेत. गणितात ३.१० हा ३.९ हून लहान आहे. आवृत्ती-क्रमांकांत मात्र ३.९ नंतर ३.१० येतो, कारण टिंबापुढचा आकडा म्हणजे स्वतंत्र पूर्णांक असतो. नऊच्या पुढे दहा, इतकेच. ही गोष्ट विसरल्यामुळे जुनी आवृत्ती नवी समजून बसविण्याची चूक माणसांकडून होते आणि माणसांनी लिहिलेल्या प्रोग्रामांकडूनही होते.

दुसऱ्या पद्धतीत क्रमांक म्हणजे तारीखच. ग्रंथालयांसाठी विनामूल्य मिळणारे 'कोहा' हे सॉफ्टवेअर याचे चांगले उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय-न्यासासाठी ते तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आले. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. नोव्हेंबर २०१५ च्या त्याच्या आवृत्तीचा क्रमांक ३.२२ होता, पुढची आवृत्ती मे २०१६ मध्ये निघाली आणि तिचा क्रमांक एकदम १६.०५ झाला. टिपण न वाचणाराला वाटावे की मध्ये बारा मोठ्या आवृत्त्या होऊन गेल्या! प्रत्यक्षात १६ म्हणजे सन २०१६ आणि ०५ म्हणजे मे महिना. या पद्धतीचा लाभ असा की आपले सॉफ्टवेअर किती जुने झाले हे क्रमांक पाहताच समजते. तिची उणीव अशी की बदल लहान की मोठा, हे क्रमांक सांगत नाही. ते ओझे सर्वस्वी टिपणावर पडते. कोहाच्या टिपणांत नव्या सोयी, दुरुस्त झालेले दोष आणि नव्याने आलेल्या व्यवस्था-सूचना यांच्या स्वतंत्र याद्या असतात. ग्रंथपालाने त्या वाचल्या, तर देवघेवीच्या खिडकीवर वाचक उभे असताना त्याच्यावर आश्चर्य करण्याची पाळी येत नाही.

तारखेची पद्धतही विचाराने वापरावी लागते, हे महादेवपुऱ्याशी निगडित एका उदाहरणावरून दिसते. सॅप या जर्मन कंपनीची मोठी संशोधनशाळा व्हाइटफील्डमध्ये आहे. मोठ्या उद्योगांचे हिशेब व व्यवहार सांभाळणाऱ्या तिच्या 'एस/४ हाना' या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांना १५११, १६१०, १७०९, १८०९, १९०९ असे क्रमांक मिळत गेले. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. ऑक्टोबर २०२० ची आवृत्ती आली तेव्हा याच रीतीने तिचा क्रमांक २०१० झाला असता, आणि कोणालाही ती दहा वर्षे जुनी वाटली असती. त्या आवृत्तीला २०२० हा क्रमांक देण्यात आला आणि तेव्हापासून पूर्ण वर्षच क्रमांक म्हणून वापरात आले. याच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांसोबत आणखी एक यादी मिळते. जुन्या प्रणालीतील कोणती सोय काढली, कोणती बदलली, तिच्या जागी काय वापरावे आणि त्यासाठी कोणती तयारी करावी, हे तीत कलमवार दिलेले असते. कारखान्याचा हिशेब एका प्रणालीतून दुसरीत नेणारा माणूस या यादीवाचून पाऊल टाकीत नाही.

पद्धत कोणतीही असो, ती जाहीर असावी आणि पाळली जावी. जुलै २०११ मध्ये लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचा क्रमांक २.६.३९ वरून ३.० झाला. क्रमांक मोठा झाला तरी त्यामागे विशेष मोठा बदल नाही, असे लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्याच वेळी स्पष्ट सांगितले होते. या क्रमांकात नियम फारसा नव्हता, तरी सांगण्यात प्रामाणिकपणा होता. म्हणून घोटाळा बेताचाच झाला. क्रमांक गप्प असेल तर टिपणाने बोलावे. दोन्ही गप्प असतील, तर व्यवस्थापकाला अंधारात चालावे लागते.

आणि टिपण बोलते म्हणजे काय? 'काही दोष दूर केले आणि कार्यगती सुधारली,' हे वाक्य मोबाइलवरील ॲपच्या खाली सर्वांनी वाचले असेल. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, परंतु त्यात माहिती शून्य आहे. कोणता दोष? तो कोणाला बाधत होता? दूर करताना दुसरे काही हलले का? औषधाच्या बाटलीवर 'प्रकृतीस हितकारक' एवढेच लिहिले तर डॉक्टर ती रोग्याला देणार नाही. व्यवस्थापकाने अशा वाक्यावर विसंबून शंभर यंत्रांवर बदल करावा, ही अपेक्षाही तितकीच अवाजवी आहे.

खुद्द मराठी भाषेशी संबंधित एका उदाहरणाने टिपणाचे मोल नीट कळेल. संगणकांवर जगातील लिप्या सारख्या रीतीने लिहिल्या जाव्यात म्हणून 'युनिकोड' ही वर्णसंहिता आहे आणि तिलाही आवृत्ती-क्रमांक असतात. 'ॲसिड', 'ॲटलास' या शब्दांच्या आरंभी येणारे 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या ५.० आवृत्तीपर्यंत एकसंध असे नव्हतेच. लोक 'अ' लिहून त्यावर स्वतंत्र चंद्र चढवीत. २००८ साली निघालेल्या ५.१ या आवृत्तीत 'ॲ' ला स्वतःचे स्थान मिळाले. मराठीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट; परंतु संगणकाच्या दृष्टीने जुना 'अ-अधिक-चंद्र' आणि नवा 'ॲ' ही भिन्न अक्षरे ठरतात, आणि संहितेचे नियम त्यांना एकरूप मानीत नाहीत. समजा, एखाद्या ग्रंथालयाने आपली जुनी सूची पहिल्या रीतीने टंकलेली आहे आणि पुढे नवा कळफलक आला. वाचक 'ॲ' ने सुरू होणारे नाव शोधतो. पुस्तक कपाटात आहे, सूचीतही आहे, परंतु संगणक 'नाही' म्हणतो. ग्रंथपाल सूची चाळतो तेव्हा नोंद डोळ्यांना दिसते, म्हणून तो अधिकच गोंधळतो. 'या आवृत्तीत अमुक अक्षर नवे आहे; जुन्या नोंदी एकदा तपासून घ्याव्यात,' अशी एक ओळ कळफलकाच्या टिपणात असती, तर एका दुपारच्या कामात प्रश्न मिटला असता. ती ओळ नसेल, तर पुस्तक कित्येक वर्षे हरवलेले राहील, आणि त्याचा दोष कोणीतरी ग्रंथपालालाच देईल.

तेव्हा चांगल्या टिपणात काय असावे, हे सांगणे कठीण नाही. क्रमांक आणि तारीख. काय नवे आले. काय बदलले. काय काढून टाकले, आणि पुढे काय काढण्याचा विचार आहे. कोणते दोष दुरुस्त झाले. त्यांतील सुरक्षेचे कोणते. कोणते दोष ठाऊक असूनही अद्याप राहिले आहेत. बदल करण्यापूर्वी काय जपून ठेवावे, आणि बदल फसला तर मागच्या आवृत्तीवर कसे परतावे. यांतील शेवटची तीन कलमे बहुधा गाळली जातात, कारण त्यांत तयार करणाराचा कमीपणा दिसतो. परंतु रात्री अकरा वाजता एकट्या बसलेल्या व्यवस्थापकाला नेमकी तीच हवी असतात.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की दोषांची माहिती उघड केली तर चोरालाही ती मिळते, आणि सुरक्षेची दुरुस्ती तातडीची असल्याने टिपण लिहीत बसायला वेळ नसतो. यात काही तथ्य आहे. हल्ल्याची कृती टिपणात देऊ नये, हे मान्य करावे. परंतु डिसेंबर २०२१ चा अनुभव उलट बाजू दाखवितो. 'लॉग४जे' या, असंख्य प्रोग्रामांत दडलेल्या, नोंदी ठेवणाऱ्या घटकात गंभीर दोष आढळला. दुरुस्तीसाठी २.१५.० ही आवृत्ती निघाली. ती अपुरी ठरली म्हणून २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपण्यापूर्वी २.१७.१. एका महिन्यात चार आवृत्त्या! प्रत्येकीचा क्रमांक वेगळा होता आणि कोणत्या क्रमांकाने कोणता दोष मिटतो हे जाहीर होते, म्हणूनच व्यवस्थापकांना आपले कोणते यंत्र अद्याप उघडे आहे हे तपासता आले. चारही वेळा 'दुरुस्त आवृत्ती' एवढेच म्हटले असते, तर पहिल्या दुरुस्तीवर समाधान मानून बसलेल्यांना आपण असुरक्षित आहोत हे कळलेच नसते. घाई जितकी अधिक, तितकी क्रमांकाची गरज अधिक.

दुसरा आक्षेप असा की आता पुष्कळ सॉफ्टवेअर दूरच्या यंत्रांवर चालते आणि दिवसातून अनेक वेळा बदलते. अशा प्रवाहाला क्रमांक कसा द्यावा? परंतु बदल वारंवार होतो हे नोंद न ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. रेल्वेच्या गाड्या रोज धावतात म्हणून वेळापत्रक अनावश्यक ठरत नाही. ज्या बदलाने वापरणाराचे काम बदलते, त्याची तारीख आणि टिपण देता येते. ज्या बदलाने यंत्र बंद पडू शकते, तो आधी थोड्या यंत्रांवर चालवून मग सर्वांना देता येतो.

हे घडू शकते याचा पुरावा पहिल्याच घटनेच्या शेवटी मिळतो. चौकशीत असे आढळले की माहिती-फाइलीच्या साच्यात २१ रकाने होते, पण ती वाचणाऱ्या प्रोग्रामला २० च मूल्ये पुरविली जात होती. एकविसाव्या रकान्याची गरज प्रथम १९ जुलैच्या फाइलीने निर्माण केली. प्रोग्राम नसलेली जागा वाचू गेला आणि सारे यंत्र कोसळले. निव्वळ टिपण दिल्याने हा दोष नाहीसा झाला नसता, हे खरे. परंतु माहिती-फाइलींसाठीही टप्प्याची निवड व्यवस्थापकाच्या हाती असती, तर तो सर्वत्र एकाच वेळी पसरला नसता. पुढे कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत दोन गोष्टी होत्या : माहिती-फाइली केव्हा व कोठे घ्याव्यात यावर ग्राहकाला अधिक ताबा देणे, आणि त्या फाइलींच्या बदलांचीही टिपणे देणे. आधी जे अनावश्यक वाटले, ते ८५ लाख यंत्रे बंद पडल्यानंतर आवश्यक ठरले. एवढी किंमत मोजल्यावाचून हा धडा घेता येणार नाही काय?

घेता येईल, आणि त्यास महादेवपुऱ्यातील मोठ्या कंपन्यांचीच वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा, ग्रंथालय किंवा ग्रामपंचायत सॉफ्टवेअर विकत घेते तेव्हा किंमत व मुदत यांबरोबर आणखी दोन अटी करारात घालता येतील : प्रत्येक बदलास क्रमांक असावा, आणि प्रत्येक क्रमांकासोबत वापरणाराच्या भाषेत टिपण असावे. राज्यातील संस्थांसाठी तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरचे टिपण मराठीत मागण्यात काहीही गैर नाही. ज्याने रात्री निर्णय घ्यायचा, त्याला ते अडखळल्यावाचून वाचता आले पाहिजे. संस्थेनेही आपल्याकडे एक साधी वही ठेवावी. कोणत्या यंत्रावर, कोणत्या तारखेस, कोणती आवृत्ती बसविली आणि कोणी बसविली, एवढे चार रकाने पुरेत. व्यवस्थापक बदलून गेला तरी वही राहते.

आणि शाळेत प्रोग्राम लिहावयास शिकणाऱ्या मुलामुलींनी आपल्या पहिल्याच प्रोग्रामला १.०.० असा क्रमांक द्यावा. दुसऱ्या दिवशी त्यात फरक केला की क्रमांक बदलून खाली दोन ओळी लिहाव्यात : काय बदलले, आणि का. शिक्षकांनी प्रोग्राम चालतो की नाही हे तपासताना या दोन ओळींनाही गुण द्यावेत. त्यांच्यातील काही जण पुढे व्हाइटफील्डच्या एखाद्या इमारतीत बसून हजारो यंत्रांवर जाणारे बदल लिहितील. त्या यंत्रांपाशी बसलेला माणूस त्यांना कधी दिसणार नाही. त्याच्यापर्यंत त्यांचे एवढेच शब्द पोहोचतील.